अँडीजची गोफण: भाग, नावं आणि घरी करायची पूर्ण कृती

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगेतल्या चांगल्या गोफणीत जोड शोधून सापडत नाही. बोटात अडकवायच्या फासातून निघालेले लोकरीचे पेड आधी दोरी होतात. मध्यावर ते पसरतात आणि दगडाची झोळी होते. पुढे ते पुन्हा गोळा होऊन दुसरी दोरी बनतात आणि शेवटी गोंड्यात सुटे होतात. वेगळी दोरी करायची, वेगळी झोळी शिवायची, मग दोन्ही बांधायच्या असा प्रकार नाही. सुरुवातीला मोजून घेतलेला धागाच शेवटापर्यंत जातो. म्हणून ही वस्तू हत्यार म्हणून शिकण्याआधी वेणी म्हणून शिकावी, असं माझं ठाम मत आहे. फेकणं आठवडाभरात जमतं. वेणीला वेळ द्यावा लागतो, आणि फेक सरळ जाणार की नाही हे तिथेच ठरतं.

या लेखात आधी नावं आणि भाग, मग सामान, मग आठपेडी वेणीने गोफण करायची कृती आणि शेवटी ती चालवायची कशी, असं सगळं आहे. ज्यांनी लहानपणी ज्वारीच्या रानात माळ्यावर उभं राहून पाखरं राखली आहेत त्यांना अर्धं काम आधीच येतं. त्यांनी फेकीचा भाग वरवर वाचला तरी चालेल, वेणीचा मात्र सावकाश वाचावा.

नावं

पेरू आणि बोलिव्हियाच्या डोंगराळ भागात स्पॅनिशच्या आधीपासून बोलल्या जाणाऱ्या दोन मोठ्या भाषा म्हणजे केचुआ आणि आयमारा. केचुआत गोफणीला 'वाराका' म्हणतात. पेरूतल्या कुस्कोकडच्या बोलीत शेवटचा 'का' घसा क्षणभर आवळून, फुटल्यासारखा उच्चारतात. आयाकुचोकडच्या बोलीत तोच साधा 'का' आहे. 'वाराकाय' म्हणजे गोफणीने मारणं, 'वाराकाक' म्हणजे गोफण चालवणारा आणि 'वाराकानाकुय' म्हणजे एकमेकांवर गोफणी चालवणं. मधला 'नाकु' हा 'एकमेकांना' दाखवणारा प्रत्यय आहे. तो इतर क्रियापदांतही तसाच येतो, त्यामुळे एकदा ओळखला की पुष्कळ शब्द उलगडतात.

आयमारात गोफण म्हणजे 'कुरावा'. त्यातला 'क' पडजिभेपाशी, खोल घशातून येतो. स्पॅनिशमध्ये 'ओंदा' म्हणतात. लिहिताना त्याच्या आधी एक अक्षर असतं, पण ते उच्चारत नाहीत, त्यामुळे 'होंडा' असं वाचू नये. स्पॅनिश लिपीकारांनी 'वाराका' हा शब्द आपल्या पद्धतीने लिहिल्यामुळे संग्रहालयांच्या याद्यांत तो दोन-तीन वेगळ्या स्पेलिंगांनी दिसतो. वस्तू एकच असते.

कामाचे आणखी काही केचुआ शब्द सांगतो. 'मिल्मा' म्हणजे लोकर, 'काय्तु' म्हणजे सूत, 'पुश्का' म्हणजे टकळी, 'सिंपाय' म्हणजे वेणी घालणं आणि 'रुमी' म्हणजे दगड. 'ल्योके' म्हणजे डावा. नेहमीपेक्षा उलट दिशेने पीळ दिलेल्या सुतालाही हाच शब्द आहे. असं डाव्या पिळाचं सूत अँडीजमध्ये अपायापासून राखण करणारं मानतात आणि विधींमध्ये वापरतात.

राखणदार, गुराखी, सैनिक

झोळीकडे वळण्याआधी ही गोफण कुणाच्या हातात असते ते बघू, कारण तिची लांबी-जाडी त्यावरच ठरते.

सगळ्यात रोजचा हात गुराख्याचा. चार हजार मीटर उंचीच्या कुरणावर लामा आणि अल्पाका पांगलेले असतात. त्यांना वळवायला मागे धावत जाणं तिथल्या विरळ हवेत परवडत नाही. पुढे निघालेल्या जनावराच्या पलीकडे दगड पडला की ते आपसूक फिरतं. दगड जनावराला मारायचा नसतो, त्याच्या पुढ्यात टाकायचा असतो. काम नसेल तेव्हा गोफण कमरेला गुंडाळलेली किंवा खांद्यावरून छातीवर तिरकी घातलेली असते.

दुसरा हात शेतराख्याचा. केचुआत त्याला 'आरारिवा' म्हणतात. फेलिपे ग्वामान पोमा दे आयाला या अँडीजच्या माणसाने १६१५च्या सुमारास स्पेनच्या राजासाठी शेकडो चित्रांची एक मोठी बखर लिहून पूर्ण केली. ती आज कोपनहेगनच्या राजग्रंथालयात आहे. त्या बखरीत पिकात उतरणाऱ्या पाखरांना हाकणारा राखणदार आहे, त्याच्या डोक्यावर कोल्ह्याचं कातडं आणि हातात गोफण. ज्वारी हुरड्यात आल्यावर आपल्याकडे माळ्यावर जो उभा राहतो त्याचाच हा भाऊ. पीक ज्वारीऐवजी मक्याचं, एवढाच फरक.

युद्धातली गोफण सर्वांत जास्त लिहिली गेली. १५३६ साली इंकांचा राजा मांको इंका याने स्पॅनिशांच्या ताब्यातल्या कुस्कोला वेढा घातला, तेव्हा दगड विस्तवात तापवून, कापसात गुंडाळून गोफणीने गवती छपरांवर टाकले आणि शहर पेटलं. त्या वेढ्यात आत असलेल्या एका स्पॅनिश माणसाने लिहून ठेवलंय की गोफणीच्या दगडाने तीस पावलांवरची हातातली जुनी तलवार दोन तुकडे होऊन पडलेली त्याने पाहिली. इंकांच्या उत्पत्तिकथेतही गोफण आहे. गुहेतून बाहेर आलेल्या भावांपैकी आयार काची इतक्या जोराने दगड मारी की डोंगर फुटून दऱ्या पडत. त्याच्या ताकदीला घाबरून भावंडांनी त्याला फसवून पुन्हा गुहेत पाठवलं आणि तोंड बंद केलं.

याहून जुना पुरावा पेरूच्या किनाऱ्यावरच्या वाळवंटातला आहे. पाऊस जवळजवळ नाहीच, त्यामुळे लोकर दोन हजार वर्षं टिकली. १९२७ साली पुरातत्त्वज्ञ हुलियो तेल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाराकास द्वीपकल्पावर ४२९ ममींची गाठोडी काढली. पाराकासच्या त्या दफनांमध्ये गोफणी आहेत, आणि त्या शिरोभूषणांबरोबर आहेत. तिकडे कित्येक काळ आणि कित्येक समाजांत गोफण डोक्याभोवती गुंडाळून घालत. गरज पडली की सोडायची आणि चालवायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण इतकी नक्षी, इतके रंग एका फेकायच्या दोरीवर कशाला, याचं उत्तर त्यात आहे. ती अंगावर दिसणारी वस्तू होती.

आजही ती सणात दिसते. कुस्को भागातल्या पाउकार्ताम्बोच्या जुलैतल्या जत्रेत 'कापाक कोय्या' हा नाच नाचणारे गोफणी घेऊन नाचतात. कुस्कोच्या कानास भागात चियाराहे इथे २० जानेवारीला गावांच्या दोन गटांमध्ये गोफणींची विधिपूर्वक लढाई होते. सांडलेलं रक्त पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, पोचतं आणि पीक चांगलं येतं अशी श्रद्धा आहे.

भाग

दोन्ही दोऱ्यांना मराठीत वेगळी रूढ नावं नाहीत, म्हणून या लेखापुरती मी 'राहती दोरी' आणि 'सुटती दोरी' अशी ठेवतो. फेकल्यावर एक हातात राहते, दुसरी सुटते.

राहत्या दोरीच्या टोकाला बोटाचा फास असतो. तो मधल्या बोटात किंवा तर्जनीत घालतात. फास वेणीचाच असतो, गाठ मारून केलेला नसतो. गाठीचा फास बोटाला रुततो आणि जोरात फिरवताना आवळतो.

फासापासून झोळीपर्यंत राहती दोरी. बऱ्याच गोफणींमध्ये ती जास्त जाड आणि जास्त नक्षीची असते, सुटती दोरी टोकाकडे निमुळती होत जाते. त्याला कारण आहे. सुटणारं टोक हलकं असलं की बोटांतून चटकन निसटतं.

मध्ये झोळी. इथे अँडीजच्या गोफणीची खरी ओळख आहे: झोळीच्या मधोमध लांबीच्या दिशेने एक चीर असते. झोळी म्हणजे दोन पट्टे, दोन्ही टोकांना एकत्र आलेले. दगड ठेवला की पट्टे त्याच्या दोन्ही बाजूंनी सरकतात आणि गोफण फिरू लागली की वजनाने आणखी घट्ट धरतात, दोन बोटांत आंबा धरावा तसे. अखंड कापडाच्या झोळीतून गोल दगड जसा घरंगळतो, तसा इथून घरंगळत नाही. चीर नसलेल्या झोळ्याही अँडीजमध्ये सापडतात, पण नवशिक्याने चिरेचीच करावी.

शेवटी सुटतं टोक, म्हणजे एक गाठ आणि गाठीपुढचा थोडा बारीक भाग. फिरवताना अंगठा आणि तर्जनीत पकडायची ती ही गाठ. सणाच्या गोफणींना टोकाला आणि झोळीच्या दोन्ही बाजूंना रंगीत गोंडे असतात. कामाच्या गोफणीला गोंडे नकोत. ते हवा पकडतात आणि फेक तोडतात.

सामान

लामाची लोकर राठ, मजबूत आणि कमी ताणणारी असते. अल्पाकाची मऊ, बारीक आणि चमकदार. दोरीच्या कामाला राठ लोकर बरी, झोळीच्या आडव्या धाग्याला मऊ चालते. स्पॅनिशांनी मेंढ्या आणल्यावर मेंढीची लोकरही वापरात आली. तिथल्या बाजारात आता पुष्कळशा सणाच्या गोफणी अ‍ॅक्रिलिकच्या असतात. त्यांचे रंग भडक असतात आणि वेणी गुळगुळीत होऊन बोटांतून घसरते.

महाराष्ट्रात अल्पाकाची लोकर मिळवायला खर्च फार येतो आणि त्याची गरजही नाही. घोंगडी विणणाऱ्या सनगर कुटुंबांकडे दख्खनी मेंढीचं काळं, तपकिरी, करडं सूत मिळतं. ते राठ आहे, टिकाऊ आहे आणि रंग नैसर्गिक आहेत. अँडीजच्या कामाच्या गोफणीही बहुतेक न रंगवलेल्या काळ्या-पांढऱ्या-तपकिरी लोकरीच्याच असतात, त्यामुळे दिसायलाही जवळ जाते. लोकर नको असेल तर घायपाताचा वाख वापरता येईल. घायपात मूळ अमेरिका खंडातलं आहे. अँडीजमध्ये त्याच्या भाऊबंद झाडांच्या वाखाच्या दोऱ्या पिढ्यानपिढ्या वळतात. वाखाची गोफण कडक होते, ताणत नाही आणि नेम छान लागतो, पण वेणी घालताना बोटं सोलतात. पहिली लोकरीचीच करा.

लागणारं सामान असं: पेडांसाठी जाड सूत. पिळून साधारण ३ मिलिमीटर जाडीचे होतील असे ४ पेड, प्रत्येकी साडेपाच मीटर. सूत बारीक असेल तर चार-पाच पदर एकत्र घेऊन त्यांना थोडा पीळ द्या. दोन पेड एका रंगाचे, दोन दुसऱ्या. झोळीसाठी वेगळ्या रंगाचं बारीक सूत ७-८ मीटर. बोथट टोकाची मोठी सुई किंवा दाभण, कात्री, मोजपट्टी आणि पक्की दोरी बांधायला खिळा किंवा खिडकीचा गज.

साडेपाच मीटर कुठून आले ते सांगतो, म्हणजे उंचीप्रमाणे बदल करता येईल. गोफण दुमडून हात खांद्याइतका उंच धरला तर झोळी गुडघ्याच्या जरा वर यावी. बहुतेकांना त्यासाठी प्रत्येक दोरी ७५ सेंटिमीटर लागते. दोन दोऱ्या मिळून दीड मीटर. वेणीत धागा आखडतो, म्हणून दीडपट घ्यायचा, म्हणजे सव्वादोन मीटर. झोळीत पेड सरळ जातात, तिथे १४ सेंटिमीटर. टोकाला १५. फासाचा अर्धा भाग ५-६ सेंटिमीटर, तोही दीडपट. बेरीज सुमारे २.६५ मीटर आणि आपण पेड मधोमध दुमडणार आहोत, म्हणून त्याची दुप्पट. वरचा थोडा धागा हाताशी असू द्या. कमी पडला तर जोडता येत नाही, आणि या गोफणीत जोड नको हेच तर सुरुवातीला म्हटलं.

फास

चारही पेड एकत्र धरून मध्यबिंदू शोधा आणि तिथून साडेसात सेंटिमीटर एका बाजूला सुतळीने सैल बांधून खिळ्याला अडकवा. आता चारपेडी गोल वेणी घालायची आहे.

दोन पेड डाव्या हातात, दोन उजव्या हातात. डावीकडचा सगळ्यात बाहेरचा पेड उचला. तो मागून उजवीकडे न्या, उजवीकडच्या दोन पेडांच्या मधून पुढे काढा आणि डावीकडे परत आणा. आता तो डावीकडे आतल्या जागी बसला. मग उजवीकडचा बाहेरचा पेड उचला, मागून डावीकडे न्या, डावीकडच्या दोघांमधून पुढे काढा आणि उजवीकडे परत आणा. एवढंच. प्रत्येक पेड आपल्या बाजूलाच परत येतो. हे वाक्य पाठ करून ठेवा, कारण आठपेडीतही हेच आहे.

दहा सेंटिमीटर वेणी झाली की सुतळी सोडा आणि वेणी मधोमध वाकवून फास करा. बोट सैलसं जाईल एवढा हवा. आता फासाच्या एका पायातून चार आणि दुसऱ्या पायातून चार असे आठ पेड खाली लोंबतायत. फास खिळ्याला अडकवा.

राहती दोरी: आठपेडी वेणी

चार पेड डावीकडे, चार उजवीकडे. प्रत्येक बाजूला रंगांची मांडणी सारखी ठेवा: बाहेरचे दोन काळे, आतले दोन पांढरे, किंवा एकाआड एक. दोन्हींची नक्षी वेगळी येते. एक वीतभर करून बघा, नाही आवडली तर उसवा.

डावीकडचा सगळ्यात बाहेरचा पेड मागून उजवीकडे न्या. उजवीकडच्या चार पेडांचे दोन-दोन असे भाग समजा, आणि त्यांच्या बरोबर मधून तो पुढे काढा. आतल्या दोन पेडांवरून डावीकडे परत आणा आणि डाव्या बाजूला सगळ्यात आत ठेवा. आता उजवीकडचा बाहेरचा पेड घ्या, मागून डावीकडे, डावीकडच्या चारांच्या मधून पुढे, परत उजवीकडे आत. डावा, उजवा, डावा, उजवा.

दर दोन हालचालींनंतर दोन्ही हातांतले पेड बाजूला ओढून वेणी आवळा. जोर दोन्ही हातांचा सारखा हवा. एका हाताचा जास्त झाला तर दोरी स्क्रूसारखी पिळत जाते. बरोबर जमली की दोरीला चार सपाट बाजू दिसतात, ती चौकोनी होते. गोल दिसत असेल तर ढिली आहे.

मध्येच थांबायचं असेल तर नेहमी उजवीकडचा पेड परत आणल्यावर थांबा. मग पुन्हा बसलं की डावीकडून सुरुवात, डोकं खाजवायला नको. अँडीजमध्ये ही वेणी पाटावर किंवा चौकटीवर नाही, थेट हातात घालतात. पेड बोटांच्या मधल्या फटींत वाटून धरतात. सोळा, चोवीस, बत्तीस पेडांच्याही. आपल्याला आठ पुरेत.

७५ सेंटिमीटर झाले की मोजा आणि वेणी उसवू नये म्हणून शेवट सुतळीने घट्ट बांधा.

झोळी

इथे घाई करू नका. सगळ्या गोफणीत सर्वांत जास्त वेळ या १४ सेंटिमीटरना द्यायचा आहे.

आठ पेड आता वेणी नाहीत, ताणा म्हणजे विणकामाचे उभे धागे आहेत. त्यांना शेजारी शेजारी सपाट लावा, मोकळी टोकं एकत्र बांधा आणि समोर कशाला तरी ताणून धरा. कमरेच्या पट्ट्याला बांधून मागे रेलून ताण देता येतो, तीच सोपी पद्धत.

बारीक सूत सुईत ओवा. त्याचं टोक वेणीत दोन-तीन सेंटिमीटर खुपसून लपवा. पहिले दोन सेंटिमीटर सगळ्या आठ पेडांमधून बाणा, म्हणजे आडवा धागा, घाला: एकावरून, एकाखालून, परतताना उलट. प्रत्येक ओळ सुईच्या टोकाने आधीच्या ओळीवर दाबून बसवा. ताण्याचा रंग अजिबात दिसता कामा नये. फक्त बाण्याचं सूत दिसलं पाहिजे, गच्च रेषांच्या पट्ट्यासारखं. सुरुवातीला ओळी आवळून घ्या, मग हळूहळू सैल, म्हणजे पट्टा वेणीच्या जाडीपासून रुंद होत जाईल.

दोन सेंटिमीटर झाले की आठाचे दोन चार-चार करा. आता डावे चार वेगळे विणा: दहा सेंटिमीटर. मधल्या भागात ओळी सैल ठेवून हा पट्टा दोन-सव्वादोन सेंटिमीटर रुंद होऊ द्या, दोन्ही टोकांना किंचित आवळा. मग दुसरं सूत घेऊन उजवे चार, तितकेच दहा सेंटिमीटर. ओळी मोजा. डावीकडे ५२ ओळी असतील तर उजवीकडेही ५२. माझ्या पहिल्या गोफणीत एक पट्टा जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांब राहिला होता, आणि दगड प्रत्येक वेळी त्या ढिल्या बाजूने घसरून माझ्या पायापाशी पडायचा. ती मी झोळीपर्यंत उसवून पुन्हा विणली.

दोन्ही पट्टे झाले की पुन्हा आठही पेड एकत्र घेऊन शेवटचे दोन सेंटिमीटर विणा, या वेळी सैलपासून आवळत. सुताचं टोक विणीत परत ओवून लपवा. चिरेच्या दोन्ही टोकांना सगळ्यात जास्त ताण येतो, तिथे त्याच सुताने चार-पाच आडवे टाके घालून बळकटी द्या.

पोटापाशी झोळी आणखी रुंद हवी असेल तर पट्टा सुरू होताना प्रत्येक ताण्याच्या पेडाचे पदर दोन भागांत वाटून चाराचे आठ ताणे करता येतात आणि शेवटी पुन्हा एकत्र आणता येतात. पहिल्या गोफणीत नको. दुसऱ्या-तिसऱ्या गोफणीत अवश्य करा, झोळी मऊ होते आणि दगडावर नीट बसते.

सुटती दोरी

झोळीच्या खाली आठ पेड पुन्हा चार-चार वाटा आणि आधीचीच आठपेडी वेणी सुरू करा. पहिल्या तीन-चार ओळी फार घट्ट ओढा, नाहीतर झोळीच्या तळाशी फट राहते. ६५ सेंटिमीटरवर प्रत्येक पेडातला एक-एक पदर कापून टाका, म्हणजे शेवटचे दहा सेंटिमीटर बारीक होतील. पदराचं कापलेलं टोक वेणीच्या आत जाईल असं बघा.

७५ पूर्ण झाल्यावर गाठ मारू नका. सुतळीने सैल बांधा. फास बोटात घाला, झोळीत दगड ठेवा, सुटती दोरी त्याच हातात धरा आणि झोळी लोंबू द्या. सुटती दोरी वर-खाली सरकवत झोळी बरोबर आडवी, पाणी ठेवलं तर सांडणार नाही अशी येईल ती जागा शोधा. अंगठा जिथे आहे तिथे गाठ. गाठीच्या पुढे दहा-बारा सेंटिमीटर पेड मोकळे ठेवून त्यांच्या टोकांवर सूत गुंडाळा. सणाची करायची असेल तर इथे गोंडा बांधा.

रंगांची गोष्ट

सोळा किंवा त्याहून जास्त पेडांच्या वेणीत अँडीजच्या कारागिरांनी केलेली एक गोष्ट मला फार मोठी वाटते. सगळे पेड एका वेळी बाहेर नसतात. समजा सोळा पेड बाहेर वेणी घालतायत आणि त्यांच्या पोटातून आणखी आठ लाल पेड सरळ चाललेत. ते दिसत नाहीत, फक्त दोरीला भरीवपणा देतात. मग ठरावीक ठिकाणी आतला लाल पेड बाहेर येतो आणि बाहेरचा पांढरा आत जातो. बाहेर अचानक लाल चौकट उमटते आणि दोरीची जाडी मात्र कणभर बदलत नाही, कारण एकूण पेड तेवढेच आहेत. चौकट, नागमोड, बाण, सगळं या आत-बाहेर करण्यातून येतं. हे पेड मोजण्याचं काम आहे, आणि डोळ्यांनी नाही, बोटांनी मोजायचं. पाराकास आणि नास्का या किनाऱ्यावरच्या प्राचीन संस्कृतींच्या गोफणींचं कौशल्य पाहायचं असेल तर संग्रहालयातल्या छायाचित्रात एका दोरीवर रंग कुठे बुडतो आणि कुठे वर येतो ते बोटाने माग काढत पाहा.

तुम्हाला आठपेडीत याची चव घ्यायची असेल तर मधोमध दोन वेगळ्या रंगांचे धागे ठेवून वेणी त्यांच्याभोवती घाला. मग दर दहा सेंटिमीटरवर त्यातला एक धागा बाहेरच्या एका पेडाशी बदला.

चालवायला शिका

पहिला महिना दगड नाही. जुन्या मोज्यात तांदूळ भरून शिवलेला, ५०-६० ग्रॅम वजनाचा मऊ गोळा घ्या. जागा अशी हवी की पुढे शंभर मीटरहून जास्त मोकळं आहे आणि मागेही माणूस नाही. नवशिक्याचा गोळा मागे जातो, हे अगदी नेहमी होतं. गोफणीचा पल्ला हलक्यात घेऊ नका. १९८१ साली अमेरिकेतल्या युटामध्ये १२९.५ सेंटिमीटर लांबीच्या गोफणीने ५२ ग्रॅमचा दगड ४३७ मीटर गेल्याची जागतिक नोंद आहे. आपला दगड तिथवर जाणार नाही, पण रस्त्यापलीकडच्या घराच्या काचेपर्यंत नक्की जाईल. पाखरांवर, कुत्र्यांवर तर कधीच नाही. अँडीजचा गुराखीदेखील दगड जनावराच्या पुढ्यात टाकतो.

फास मधल्या बोटात, गाठ अंगठा आणि तर्जनीत. उजव्या हाताने फेकत असाल तर डावा खांदा लक्ष्याकडे. गोळा झोळीत ठेवून डाव्या हाताने झोळी छातीपुढे ताणून धरा, म्हणजे दोन्ही दोऱ्या सरळ आहेत याची खात्री होते. झोळी सोडा, एकच फेरी हाताच्या मागून डोक्यावरून येऊ द्या आणि सीमारेषेवरून चेंडू फेकताना जसा हात पुढे येतो तसाच आणा. बरोबर वेळी गाठ सोडा. गरगर पाच-सहा फेऱ्या मारून वेग वाढत नाही. वेग शेवटच्या फेरीत हात पुढे येताना मिळतो.

गोळा उंच आभाळात गेला तर गाठ लवकर सुटली. जमिनीत घुसला तर उशिरा. डोक्यावर आडवी फेरी फिरवत असाल तर उजव्या हाताच्या माणसाचा लवकर सुटलेला गोळा उजवीकडे जातो, उशिरा सुटलेला डावीकडे. रोज वीस-पंचवीस फेकी करा आणि चूक कुठे गेली ते वहीत लिहा. आठवड्यात तुमची चूक एकाच बाजूची आहे हे दिसेल, आणि एकाच बाजूची चूक सुधारायला सोपी.

दगडावर जाल तेव्हा नदीकाठचा गुळगुळीत, अंड्यासारखा लांबट गोटा घ्या, झोळीच्या चिरेपेक्षा लांबीने निम्मा. आपल्याकडे ज्याला गोफणगुंडा म्हणतात तोच. धारदार खडी झोळीचा बाणा कापते.

नवी लोकर ताणते. पन्नासेक फेकी झाल्या की गोफण पुन्हा लोंबती धरून बघा. झोळी एका बाजूला कललेली दिसेल. सुटत्या टोकाची गाठ सोडा, झोळी आडवी करा आणि गाठ सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वर बांधा. आणखी शंभर फेकींनंतर एकदा असंच करा. पावसात भिजली तर पिळू नका, फास खिळ्याला अडकवून झोळीत दगड ठेवा आणि सावलीत तशीच लोंबत वाळू द्या.